टीव्ही रेकॉर्डर घेताना: यंत्राची किंमत, वर्गणी आणि दोन्हींचा हिशेब

टीव्हीवरचा कार्यक्रम हार्ड डिस्कवर उतरवून सवडीने पाहायचा, जाहिराती भरभर पुढे सरकवायच्या, दारावर कोणी आले तर चालू सामना थांबवून ठेवायचा. डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर, म्हणजे डीव्हीआर, एवढ्यासाठी घेतात. (सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरलाही डीव्हीआरच म्हणतात, पण हा लेख टीव्हीच्या रेकॉर्डरबद्दल आहे.) पहिल्यांदा घेणाऱ्याचे लक्ष खोक्यावरच्या किमतीवर असते. ती किंमत एकदाच भरायची असते. वर्गणी मात्र दर महिन्याला जाते, आणि यंत्र चार-पाच वर्षे चालले तर वर्गणीची बेरीज यंत्राच्या किमतीला सहज मागे टाकते. काही ठिकाणी यंत्र स्वस्त किंवा फुकट देतात ते याच कारणाने.

म्हणून खरेदीला निघण्याआधी एक प्रश्न कागदावर लिहून घ्या: पैसे भरणे थांबवले, तर हे यंत्र काय काय करू शकेल? या लेखातल्या बहुतेक पायऱ्या याच प्रश्नाकडे येतात. माझ्या मते किमतीची घासाघीस करण्याआधी याचे उत्तर मिळवणे जास्त गरजेचे आहे.

पायरी १: घरात सिग्नल कुठून येतो ते पाहा

अँटेनावरून येणारे खुले चॅनल असतील तर तुम्हाला सर्वांत जास्त मोकळीक आहे. कुठल्याही कंपनीचा, त्या प्रक्षेपणाला चालणारा ट्यूनर, म्हणजे चॅनल पकडणारा भाग, असलेला रेकॉर्डर घेता येतो. केबल किंवा डिशवरचे चॅनल सहसा सांकेतिक स्वरूपात येतात आणि ते उलगडण्याचा हक्क पुरवठादाराच्या सेट टॉप बॉक्सलाच असतो. अशा वेळी बाहेरचा रेकॉर्डर घेऊन बहुधा उपयोग होत नाही. अमेरिकेत केबलकार्ड नावाचे छोटे कार्ड घालून बाहेरच्या रेकॉर्डरवर केबलचे चॅनल घेता येत असत. २०२० मध्ये तिथल्या संचार आयोगाने त्याची सक्ती काढून टाकली आणि तो रस्ता अरुंद होत गेला.

तिसरा प्रकार इंटरनेटवरून चॅनल दाखवणाऱ्या सेवांचा. त्यांत घरात यंत्रच नसते, रेकॉर्डिंग कंपनीच्या सर्व्हरवर होते. यूट्यूब टीव्ही या अशाच अमेरिकी सेवेवर हवे तेवढे कार्यक्रम उतरवता येतात, पण प्रत्येक रेकॉर्डिंग ९ महिनेच राहते. यात रेकॉर्डरची वेगळी किंमत दिसत नाही, कारण ती सेवेच्या मासिक दरातच असते. सेवा सोडली की रेकॉर्डिंगही गेले.

आणि एक गोष्ट आधीच तपासा. तुम्ही जे पाहता ते चॅनलच्या स्वतःच्या ॲपवर दुसऱ्या दिवशी मिळत असेल, तर कदाचित तुम्हाला रेकॉर्डरची गरजच नाही. थेट सामने, बातम्या, जुने चित्रपट आणि ॲपवर न येणारे कार्यक्रम पाहणाऱ्यांना मात्र त्याचा खरा उपयोग आहे.

पायरी २: वर्गणी कशाची आहे ते समजून घ्या

वर्गणी रेकॉर्डिंगची असते असा समज सर्रास आढळतो. डिस्क तुमची, वीज तुमची, सिग्नल तुमचा. रेकॉर्डिंगला कंपनीला वेगळा खर्च फारसा येत नाही. कंपनी मुख्यतः विकते ते वेळापत्रक. कोणत्या चॅनलवर, किती वाजता, कोणत्या मालिकेचा कितवा भाग आहे, तो नवा आहे की पुनःप्रक्षेपण, हे सगळे रोज ताजे करून यंत्रापर्यंत पोचवावे लागते. ही माहिती असेल तरच ‘या मालिकेचे सगळे नवे भाग उतरव’ असे एकदा सांगून मोकळे होता येते. ती नसेल तर वार, वेळ आणि चॅनल हाताने भरत बसावे लागते, आणि कार्यक्रम अर्धा तास पुढे सरकला तर भलतेच काहीतरी उतरते.

हे वेळापत्रक फुकट मिळते की विकत, हे देशागणिक बदलते, आणि त्यामागे तांत्रिक कारण आहे. ब्रिटनमध्ये फ्रीव्ह्यू या अँटेनावरच्या मोफत सेवेच्या प्रक्षेपणाबरोबरच पुढच्या आठवडाभराचे वेळापत्रक येते आणि मालिकेचे भाग ओळखण्याच्या खुणाही त्यात असतात. त्यामुळे तिथला फ्रीव्ह्यू रेकॉर्डर एकदा विकत घेतला की मालिकाच्या मालिका उतरवता येतात, वर्गणी काही नाही. अमेरिकेतल्या डिजिटल प्रक्षेपणाच्या मानकात प्रसारकावर सुमारे १२ तासांच्याच वेळापत्रकाचे बंधन आहे. बारा तासांच्या माहितीवर पुढच्या आठवड्याचे नियोजन होत नाही. दोन आठवड्यांचे नीटनेटके वेळापत्रक हवे तर ते तिसऱ्याकडून घ्यावे लागते, आणि तो तिसरा पैसे मागतो. वर्गणीचे रेकॉर्डर अमेरिकेत का फोफावले याचे मोठे कारण हे आहे.

म्हणून तुमच्या भागातल्या प्रक्षेपणात किती दिवसांचे वेळापत्रक येते हे आधी बघा. टीव्हीवरचे गाइडचे, म्हणजे वेळापत्रकाचे, बटण दाबून किती पुढचे दिवस दिसतात ते पाहिले की अंदाज येतो. आठवडाभराचे दिसत असेल, तर वर्गणीच्या यंत्राला तुमच्याकडून पैसे घेण्यासाठी आणखी काहीतरी सबळ देता आले पाहिजे.

पायरी ३: वर्गणीविना यंत्र काय करते, ते विचारा

हा प्रश्न विक्रेत्याला तोंडी विचारू नका; कंपनीच्या अटींमध्ये किंवा यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत शोधा. उत्तरे साधारण चार प्रकारची असतात. काही यंत्रे वर्गणीविना पूर्ण चालतात. काहींत गाइड थोड्या दिवसांचे होते, पण रेकॉर्डिंग चालू राहते. टिवो या अमेरिकी रेकॉर्डर कंपनीचे तंत्र वापरणाऱ्या काही डीव्हीडी रेकॉर्डरवर तीन दिवसांचे गाइड विनामूल्य मिळत असे. काहींत फक्त हाताने वेळ लावून उतरवता येते. आणि काही यंत्रे वर्गणी संपताच नवे काहीच उतरवत नाहीत, चालू कार्यक्रम थोडा वेळ थांबवण्यापुरतीच उरतात.

चौथ्या प्रकारचे यंत्र घेऊ नये असे मी म्हणत नाही. पण ते घेताना आपण वस्तू घेत नसून सेवा घेत आहोत, हे धरून हिशेब करावा. अशा यंत्राच्या वेगळ्या किमतीला तेव्हा अर्थ राहत नाही. यंत्र आणि वर्गणी मिळून जी रक्कम होते तीच त्याची किंमत.

पायरी ४: प्रत्यक्ष बेरीज

वही घ्या. वरती लिहा: हे यंत्र मी किती महिने वापरणार? मनाला येईल तो आशावादी आकडा घेऊ नका. तीन वर्षे आणि पाच वर्षे असे दोन हिशेब मांडा. मग खाली एकेक रक्कम लिहीत जा: यंत्र, जोडणी किंवा सक्रिय करण्याचे शुल्क, मासिक वर्गणी गुणिले महिने, दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीसाठी लागणारा जादा बॉक्स आणि त्याचे वेगळे शुल्क, वीज, आणि वॉरंटी संपल्यावर एकदा डिस्क बदलावी लागली तर तिचा खर्च. बेरजेला महिन्यांनी भागा. जो आकडा येईल तो तुमचा खरा मासिक खर्च, आणि दोन यंत्रांची तुलना याच आकड्यावर करायची.

आता वर्गणी मासिक घ्यावी की आजीवन, म्हणजे एकदाच भरून मोकळे व्हायची, हा प्रश्न. याचा हिशेब एका भागाकारात होतो: आजीवन रक्कम भागिले मासिक रक्कम. उत्तर येते ते महिने. त्याहून जास्त काळ यंत्र चालणार असेल तरच आजीवन घेण्यात फायदा.

टिवोचेच उदाहरण घेऊ, कारण १९९९ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेल्या या यंत्रानेच घरगुती रेकॉर्डरला वर्गणीची सवय लावली. २००४-०५ च्या सुमारास तिथे मासिक वर्गणी १२.९५ डॉलर होती आणि आजीवन २९९ डॉलर. भागाकार २३ महिन्यांच्या जरा वर येतो. मासिक भरत गेल्यास:

१ वर्ष: १५५.४० डॉलर
दीड वर्ष: २३३.१० डॉलर
२ वर्षे: ३१०.८० डॉलर
३ वर्षे: ४६६.२० डॉलर
५ वर्षे: ७७७ डॉलर

पाच वर्षे यंत्र टिकले तर आजीवन घेणाऱ्याचे ४७८ डॉलर वाचले. दीड वर्षात बंद पडले तर त्याचे ६६ डॉलर जास्त गेले. म्हणजे आजीवन वर्गणी ही यंत्र टिकण्यावर लावलेली पैज आहे, आणि ही पैज लावताना वॉरंटी किती आहे ते पाहिलेच पाहिजे. असे रेकॉर्डर विश्रांती घेत नाहीत. तुम्ही काही उतरवत नसलात तरी चालू चॅनलचा शेवटचा अर्धा तास डिस्कवर सतत लिहिला जात असतो, थांबवण्याची आणि मागे जाण्याची सोय त्यामुळेच मिळते. डिस्कला रात्रंदिवस काम असते, आणि यंत्रात सर्वांत आधी जाणारा भाग बहुधा तीच असते.

‘आजीवन’ म्हणजे कोणाचे आयुष्य, हेही अटींत स्पष्ट वाचून घ्या. टिवोच्या बाबतीत ते यंत्राचे होते. नवे यंत्र घेतले की जुनी आजीवन वर्गणी सहसा त्यावर नेता येत नसे. याची एक चांगली बाजूही आहे: वर्गणी यंत्राला चिकटलेली असल्याने असे जुने यंत्र विकताना बरी किंमत येते. ही परत येणारी रक्कम बेरजेतून वजा करायला विसरू नका.

दर कायम राहतील असेही धरू नका. प्लेक्स या सॉफ्टवेअरवर रेकॉर्डिंग करायचे तर प्लेक्स पास ही त्याची वर्गणी लागते. अमेरिकेत त्याचा मासिक दर ४.९९ डॉलर होता आणि आजीवन ११९.९९, म्हणजे बरोबरी २४ महिन्यांनी. २९ एप्रिल २०२५ पासून हे दर ६.९९ आणि २४९.९९ झाले, आणि बरोबरी ३६ महिन्यांवर गेली. ज्यांनी आधी आजीवन घेतला होता त्यांना याची झळ लागली नाही, मासिकवाल्यांना लागली. टिवोनेही २००६ मध्ये आजीवन पर्याय काढून घेतला होता. पुढे तो परत आला, पण चढ्या किमतीला. तेव्हा आजीवन पर्याय आज आहे म्हणून पुढच्या वर्षीही याच दरात असेल, असे समजू नये.

मग करावे काय? माझा सल्ला असा: सुरुवातीचे दोन-तीन महिने मासिक भरा. घरात यंत्र खरेच वापरले जाते का, सिग्नल नीट येतो का, गाइड तुमच्या चॅनलशी जुळते का, हे तेवढ्यात कळते. नंतर आजीवन घ्या. आधी भरलेले दोन-तीन हप्ते वाया गेले असे वाटेल, पण न आवडणाऱ्या यंत्राची आजीवन वर्गणी गळ्यात पडण्यापेक्षा ते बरे. वार्षिक पर्याय असेल तर तो मधला मार्ग आहे. बरोबरीचा हिशेब त्याच्याशीही करून बघा.

पायरी ५: भाड्याचा बॉक्स

पुरवठादार स्वतःचा रेकॉर्डर भाड्याने देतो तेव्हा सुरुवातीला जवळजवळ काहीच भरावे लागत नाही. बॉक्स बिघडला तर बदलून मिळतो, आणि ही सोय लहान नाही. ज्याला तारा-डिस्कच्या भानगडीत पडायचे नाही त्याने भाड्याचा बॉक्स घेण्यात काहीच गैर नाही. पण बिल नीट वाचा. बॉक्सचे भाडे आणि रेकॉर्डिंग सेवेचे शुल्क अशा दोन वेगळ्या ओळी असतात, आणि जाहिरातीत एकीचाच उल्लेख असतो. सवलतीचा दर किती महिन्यांचा आहे ते विचारा आणि नंतरच्या दराने बेरीज करा. बॉक्स बदलताना रेकॉर्डिंग जुन्या डिस्कबरोबरच परत जाते. पुरवठादार बदललात तरीही तेच.

स्वस्त यंत्राबरोबर किमान मुदतीचा करार असेल तर मुदतीआधी सोडण्याचा दंड किती, तो बेरजेत एका बाजूला लिहून ठेवा. यंत्र स्वस्त मिळते तेव्हा उरलेली किंमत बहुधा या करारात दडलेली असते.

पायरी ६: जागा, ट्यूनर, वीज

डिस्कवर ‘इतके तास मावतात’ असे लिहिलेले असते तो आकडा सहसा सर्वांत हलक्या दर्जाचा असतो. सुरुवातीच्या टिवोवर १४ तास आणि ३० तास असे लिहिलेले असे. चांगल्या दर्जावर उतरवले तर त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा मावे. स्वतः हिशेब करायचा तर सोपा नियम आहे: प्रक्षेपणाचा वेग मेगाबिट प्रति सेकंदात घ्या आणि ०.४५ ने गुणा, तासाला किती गिगाबाइट लागतील ते येते. ८ मेगाबिटच्या एचडी चॅनलला तासाला ३.६ गिगाबाइट, १५ मेगाबिटच्या चॅनलला ६.७५. म्हणजे १ टेराबाइटच्या डिस्कवर पहिल्या प्रकारचे सुमारे २७५ तास मावतील आणि दुसऱ्याचे दीडशेच्या आत. बहुतेक घरांना एवढे पुरते. पाहून झालेले पुसत गेलात तर मोठ्या डिस्कसाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही.

ट्यूनरच्या बाबतीत मात्र हात आखडू नका. एका ट्यूनरचे यंत्र एका वेळी एकच चॅनल उतरवते, आणि ते उतरवत असताना दुसरे पाहायचे म्हटले तर टीव्हीचा स्वतःचा ट्यूनर वापरावा लागतो. घरात दोघांच्या आवडी वेगळ्या असतील तर किमान दोन हवेत. डिस्क पुढे बदलता येते, ट्यूनर बहुधा येत नाहीत.

विजेसाठी एक आकडा लक्षात ठेवा: सतत चालू असलेल्या यंत्राचा प्रत्येक वॅट वर्षाला ८.७६ युनिट खातो. २५ वॅटचे यंत्र म्हणजे वर्षाला २१९ युनिट. तुमच्या बिलावरच्या दराने गुणा. दोन यंत्रांत १५ वॅटचा फरक असेल तर पाच वर्षांत ६५७ युनिटांचा फरक पडतो, आणि तो एखाद्या वर्षाच्या वर्गणीइतका भरू शकतो. यंत्राला झोपेची स्थिती असेल आणि वेळेवर ते आपोआप जागे होत असेल तर ती चालू करून ठेवा.

पायरी ७: वर्गणी टाळायचे मार्ग

टॅब्लो या अँटेनावरच्या रेकॉर्डरच्या आधीच्या यंत्रांवर पूर्ण गाइडसाठी वर्गणी होती. २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीत ती नाही. एवढ्या एका बदलाने पाच वर्षांचा हिशेब पूर्ण फिरतो, म्हणून एकाच नावाच्या दोन यंत्रांतही पिढी कोणती ते बघा.

दुसरा मार्ग स्वतः जुळवण्याचा: एचडीहोमरनसारखा नेटवर्कला जोडायचा ट्यूनर, घरातला जुना संगणक आणि त्यावर टीव्हीहेडएंड, जेलीफिन किंवा मिथटीव्हीसारखे मोफत सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअर फुकट असले तरी वेळापत्रकाचा प्रश्न इथेही येतोच. मिथटीव्ही वापरणाऱ्या अमेरिकी लोकांना झॅप-टू-इट लॅब्जकडून वेळापत्रक विनामूल्य मिळत असे. २००७ मध्ये ते बंद झाले, आणि मग वापरणाऱ्यांसाठी शेड्यूल्स डायरेक्ट ही ना-नफा संस्था उभी राहिली, ती अल्प वार्षिक वर्गणी घेते. प्रक्षेपणातच आठवड्याचे वेळापत्रक मिळत असेल तर हाही खर्च नाही. जुना संगणक वापरताना त्याची वीज मात्र मोजा; मोठा डेस्कटॉप दिवसरात्र चालवला तर तो वाचवलेली वर्गणी बिलातून परत घेतो. आणि हे काम आवडणाऱ्याचेच आहे. अद्ययावत केल्यावर काहीतरी अडले, तर ते सोडवायला बसणारे माणूस घरात असावे लागते.

पायरी ८: कंपनी उद्या राहिली नाही तर

हे दूरचे वाटते, पण या धंद्यात घडत आले आहे. टिवोच्याच वर्षी आलेल्या रीप्लेटीव्ही या रेकॉर्डरची मालक कंपनी सॉनिकब्लू २००३ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि नाव दुसऱ्यांच्या हाती गेले. ब्रिटनमध्ये २००० साली आलेल्या पहिल्या टिवो यंत्रांची सेवा १ जून २०११ ला थांबली, आजीवन वर्गणी भरलेल्यांचीही. २०२५ मध्ये टिवोने स्वतःचे रेकॉर्डर विकणेच बंद केले.

तेव्हा घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहा. एक, गाइड कंपनीच्या सर्व्हरवरूनच येते की प्रक्षेपणातूनही घेता येते. दोन, रेकॉर्डिंग यंत्राबाहेर काढून संगणकावर पाहता येते की डिस्क त्या यंत्रालाच बांधलेली आहे. दोन्हींचे उत्तर तुमच्या बाजूचे असेल तर थोडी जास्त किंमत द्यायला हरकत नाही. दोन्ही विरुद्ध असतील तर आजीवन वर्गणीच्या वाटेला जाऊ नका, वर्षावर्षाने भरा.

जुने यंत्र घेताना

आजीवन वर्गणी असलेले वापरलेले यंत्र हा खरेच चांगला सौदा ठरू शकतो. मात्र पैसे देण्याआधी ते चालू करून यंत्राच्या माहितीच्या पानावर वर्गणीची स्थिती स्वतः पाहा, अनुक्रमांक घेऊन कंपनीकडून खात्री करा, आणि मालकी तुमच्या नावावर होते का ते विचारा. गाइड कोणत्या तारखेपर्यंत भरलेले आहे तेही बघा. तारीख पुढची असेल तर सेवा अजून चालू आहे. एखादा कार्यक्रम उतरवून परत लावून पाहा, त्यात चित्र अडखळले तर डिस्क बदलण्याचा खर्च किमतीतून कमी करून मागा. विक्रेत्याच्या बँक खात्यातून मासिक वर्गणी जात असेल तर ती त्याने बंद करायची आणि तुम्ही नव्याने सुरू करायची. तिचा दर जुना राहील की आजचा लागेल, हे त्या आधी विचारून घ्या.